पाळण्याला वन्स मोअर

वन्स मोअर म्हणणाऱ्या माणसाचं तोंड मला बघवत नाही. नाटकाला कुणी ओढून नेलंच तर पहिली टाळी पडली की मी उठून बाहेर येते. लोक म्हणतात, व्हिक्टोरियाबाईचं डोकं फिरलंय. फिरलंय तर फिरलंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझा भाऊ अल्फान्सो ठाण्यात सुतारकाम करायचा. तळ्याकाठच्या आमच्या देवळातले, म्हणजे चर्चमधले, बाक त्याच्या हातचे. खोपटाच्या वाटेवर आमचं घर. घरात तो, वहिनी, मी, आणि त्याची दोन मुलं. थोरला लिनो, धाकटी सुझाना. लिनो कल्याण स्टेशनात सिग्नलच्या दिव्यांना तेल घालायच्या कामावर लागलेला आणि तिकडेच राहायचा. सुझानाला हार्प वाजवता यायचं. ठाण्यात हार्प कुठून आलं म्हणाल, तर रेल्वेच्या एका इंजिनिअरची म्हातारी मडम होती. पोरीला तिने लहानपणापासून पुढ्यात बसवून शिकवलं आणि कायमची विलायतेला जाताना ते वाद्य मागे सोडून गेली, कारण त्याची मान तडकलेली होती. अल्फान्सोने ती सांधली. हार्प म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी सांगायची, स्वरमंडळ उभं करा आणि बाईमाणसाच्या उंचीचं करा, झालं.

त्याच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या. आमच्या दमट हवेत त्या फुगतात आणि पटकन तुटतात. म्हणून अल्फान्सोने वाद्याला सागाची पेटी केली, आतून जस्ताचा पत्रा मारला आणि फटीफटीत मेण भरलं. ओल म्हणून आत शिरायची नाही. त्याचा हातच तसा होता, केलेल्या कामात खोट सापडायची नाही.

तर ते प्लेगचं दुसरं वर्ष. कल्याण स्टेशनात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फलाटावर उभं करायचे आणि सरकारी डॉक्टर काखा, जांघा चाचपून बघायचा. बाई असो, म्हातारा असो. हाताला गाठ लागली की रुळांपलीकडच्या झोपड्यांत रवानगी. आमच्या शेजारचा निकोलस तिथे स्वतःच्या पायाने चालत गेला होता आणि त्याच्या बायकोला त्याचं तोंडही दिसलं नाही. चुन्यात पुरला म्हणे. फादर नाही, घंटा नाही. त्या दिवसापासून आमच्या वाडीत कुणाला साधा ताप आला तरी बायका आधी दार लावून घ्यायच्या.

आणि नेमका त्यात लिनोच्या पायात खिळा गेला. पाय पिकला, ताप भरला आणि जांघेत अवधाणाची गाठ आली. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण चाचपणाऱ्या हाताला कसं सांगणार, की बाबा, ही गाठ ती गाठ नव्हे? लिनोचा एक मित्र होता, सहदेव. खाडीजवळ मिठाच्या एका वखारीवर तो रखवालदार होता. त्याने लिनोला वखारीमागच्या खोलीत लपवलं आणि ठाण्याला निरोप धाडला. निरोप ऐकून वहिनीने अन्न सोडलं. एकच धरून बसली, माझा मुलगा माझ्या घरी आणा, मरायचा असेल तर माझ्या मांडीवर मरू दे.

आणायचा कसा? रस्त्याने गाडी न्यावी तर नाक्यावर पथक. आगगाडीने आणावा तर फलाटावर डॉक्टर. आम्ही सगळे डोकं धरून बसलेलो असताना कल्याणहून रावसाहेब वकिलांचं बोलावणं आलं. रावसाहेब मोठे सुधारक. प्लेगच्या रोग्यांच्या मदतीसाठी त्यांनी एक जलसा ठरवला होता आणि त्यांना सुझानाचं हार्प हवं होतं. एकटीने वाजवायचं, दुसरं कुणी नाही. आणि जागा कुठली, तर तीच मिठाची वखार. कल्याणात तेवढी मोठी मोकळी जागा दुसरी नव्हती.

देवानेच दार उघडलं असं आम्हाला वाटलं. सुझानाच म्हणाली, पेटीतून हार्प जाईल आणि पेटीतून लिनो येईल. हार्प सहदेवच्या खोलीत पोत्यांखाली ठेवायचं, मागाहून कधीतरी आणायचं. लिनो मुळात किडकिडीत, त्यातून तापाने वाळलेला. उचलणाऱ्या हमालाला फरक कळला नसता.

अल्फान्सोने पेटीला हवेसाठी भोकं पाडली. बारीक, झाकणावरच्या नक्षीत मिसळून जातील अशी. सगळी झाकणावरच पाडली. मी म्हटलं, बाजूला पण पाड की थोडी. तर त्याने मला समजावलं. बाजू भिंतीला लागते, दुसऱ्या सामानाला लागते. झाकण तेवढं कायम मोकळं राहणार.

"आपल्या पेटीवर कोण बसणार गं? किरिस्तावाची पेटी. आपल्या हातचं पाणी चालत नाही त्यांना," तो म्हणाला.

मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. जन्मभर बघत आलो होतो ना आम्ही. कल्याणच्या पेठेत सामान घ्यायला गेले तर दुकानदार पुडी वरून हातात टाकायचा. त्या विटाळाचा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोग होणार होता.

चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आधीचा शनिवार होता. आम्ही दुपारच्या गाडीने कल्याणला उतरलो. रावसाहेबांची चिठ्ठी दाखवली तरी फलाटावर आम्हा दोघींना पडद्याआड नेऊन चाचपलंच. सुझाना भिंतीकडे बघत उभी राहिली. मी त्या नर्सला मनातल्या मनात जे काय बोलले ते देवाने ऐकलं नसेल तर बरं.

वखार झाडून, शेणाने सारवून ठेवली होती. पुढे पुरुषांसाठी खुर्च्या आणि जाजमं, बाजूला चिकाचा पडदा लावून बायकांची जागा. मागचं दार बायकांच्या बाजूलाच उघडत होतं आणि त्याला लागून सहदेवची खोली. ठरलं असं होतं की जलसा संपून माणसं गेली की लिनोला सावकाश पेटीत निजवायचं. पण करायला जावं एक आणि व्हावं भलतंच. आम्ही हार्प काढून मांडतोय तोच सहदेव धापा टाकत आला. पथक गल्लीत शिरलं होतं आणि घरोघर खोल्या उघडून बघत होतं.

मग काय, लिनोला तेव्हाच पेटीत घालावं लागलं. अल्फान्सोने त्याला उचललं तेव्हा तो हसला. अंगात ताप होता, पण डोळे चांगले होते. मला म्हणाला, आत्या, तू कशी गं इतकी म्हातारी दिसायला लागलीस. सुझानाने त्याच्या डोक्याखाली तिची शाल दुमडून ठेवली.

"शेवटी पाळणा वाजवणार आहे मी," ती त्याला म्हणाली. "पाळणा ऐकू आला की समज, संपलं. तोवर काही झालं तरी हलू नकोस."

पाळणा म्हणजे वहिनी दोघांना लहानपणी म्हणायची तो. कडी लावली. पेटी आम्ही मुद्दामच बायकांच्या बाजूला भिंतीशी ठेवली, कारण चिकाच्या आत पथकाचा शिपाई येणार नाही हे ठाऊक होतं. शिपाई आले, सहदेवची खोली उलटीपालटी करून गेले. अल्फान्सो हातगाडीची आणि गाडीतल्या जागेची सोय लावायला स्टेशनावर गेला. आम्ही दोघींनी छातीवर क्रुसाची खूण केली. वाटलं, सुटलो.

संध्याकाळी माणसं यायला लागली ती थांबेचनात. किरिस्तावाची पोरगी मडमेचं वाद्य एकटी वाजवणार, हे बघायला अख्खं कल्याण लोटलं. पहिल्या रांगेत रावसाहेब आणि त्यांच्या शेजारी खुद्द प्लेगचा डॉक्टर साहेब. सुझानाच्या बाजूला दिवा सारखा करायला मी. तिथून मला चिकाची कड दिसत होती आणि कडेतून पेटी. पडद्याआड मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. रावसाहेबांच्या पत्नी गोदूबाई बायकांची व्यवस्था बघत होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, फार हसऱ्या बाई. त्यांनी आपली खुर्ची ठमाबाई नावाच्या एका म्हातारीला दिली आणि इकडेतिकडे बघितलं. मग एक जाड सतरंजी मागवली, दुहेरी करून पेटीवर घातली आणि आणखी दोघींना हाताला धरून तिघी त्यावर बसल्या.

दिवा तसाच टाकून मी पडद्याआड गेले. म्हटलं, बाई, उठा, ती पेटी आमची आहे. त्यांना वाटलं मला पेटीची काळजी. म्हणाल्या, मोडणार नाही हो, चांगली मजबूत आहे. मग मी सांगितलं, आम्ही किरिस्ताव आहोत, पेटीला आमचे हात लागलेत, आत मेंढीच्या आतड्याच्या तारा असतात, तुम्हाला अंघोळ करावी लागेल. बाकीच्या दोघी चुळबुळल्या, एक तर अर्धी उठलीसुद्धा. गोदूबाईंनी तिला मनगटाला धरून खाली बसवलं आणि माझा हात हातात घेतला. आपणहून कुणी ब्राह्मणबाईने माझा हात धरला तो तेवढाच एकदा.

"आम्ही तसलं काही मानत नाही, व्हिक्टोरियाबाई. तुमची पेटी ती आमचीच."

चिकाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, डॉक्टर साहेब पाय पसरून बसलेला. एक शब्द बोलले असते तर लिनो रुळांपलीकडे आणि सहदेव तुरुंगात. आता सांगायला सगळे शहाणे, की ओरडायचं होतंस. निकोलसच्या बायकोला विचारा जाऊन. मी कुणाची तरी खुर्ची मागायला गेले, तर मोकळी खुर्ची औषधालाही नव्हती. पुरुषाला पडद्याआड मज्जाव, म्हणून सहदेव गुलाबपाण्याची दाणी हातात धरून दाराशी नुसता उभा. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला.

सुझानाने वाजवायला घेतलं होतं. मला परत जाऊन दिवा धरावा लागला. एक गत संपल्यावर मी वाकून तिच्या कानात सांगितलं, बायका पेटीवर बसल्यात. तिचे हात तारांवर तसेच राहिले. मग तिने विचारलं, सतरंजी घालून? मी हो म्हटलं. मडमेने शिकवलेल्या लांबलचक गती तिने एकामागून एक गाळल्या. त्या वगळल्याचं तिथे कळणार कुणाला? आणि घाईघाईने ती पाळण्यावर आली.

तिथेच घात झाला. विलायती गती लोकांनी कौतुकाने ऐकल्या होत्या, पण त्या परक्या. पाळणा निघाला आणि वखारीतली हालचाल थांबली. ती चाल प्रत्येक बाईच्या ओठावरची. पडद्याआडून हुंदके यायला लागले. इतकं गोड वाजवलेलं मी तिच्या हातून कधी ऐकलं नव्हतं, आणि ती ते कुणासाठी वाजवत होती ते तिला आणि मलाच माहीत. पाळणा संपला तशी ती उठून उभी राहिली, हात जोडले. मी मनात म्हटलं, देवा सायबा, उठव आता सगळ्यांना.

आधी टाळ्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर. मग चहूकडून वन्स मोअर, वन्स मोअर. नाटकवाल्यांनी लावलेली खोड. ऐकलं की ऐकलं, गप घरी जावं, तर नाही. सुझाना उभीच. तिने मान हलवली, नको म्हणून. लोकांना वाटलं, पोर लाजते. रावसाहेब स्वतः उठले, म्हणाले, बायकांकडूनही फर्माईश आली आहे, त्यांना नाही म्हणू नये. डॉक्टर साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होता. सुझाना बसली आणि भराभर पाळणा वाजवून मोकळी झाली. पुन्हा तेच. पुन्हा चिकाआडून गोदूबाईंचा निरोप. तिसऱ्यांदा ती अर्ध्यावर आली आणि मी बघितलं, तिने मांडीवरची किल्ली, तारा पिळायची ती, उचलली. एका हाताने वाजवतेय आणि दुसऱ्या हाताने एक तार पिळतेय, पिळतेय. तार तटकन तुटली आणि तिच्या गालावर बसली. रक्त आलं. तिने लोकांकडे बघून सांगितलं, तार तुटली, आता वाजत नाही.

सगळे हळहळले. मला वाटलं, सुटका झाली. पण आपल्याकडे कुठलं काम आभार मानल्याशिवाय संपलंय का? रावसाहेब बोलायला उभे राहिले. संगीताला जात नसते, धर्म नसतो, या मुलीने आज आपल्या सर्वांना एक केलं, असं पुष्कळ. माझ्या कानात नुसती भणभण. मग हारतुरे. मग अत्तरगुलाब, मग पानसुपारी. पानाचं तबक पेटीवर, गोदूबाईंच्या शेजारी ठेवलं होतं आणि बायका एकेक करून येऊन विडा उचलत होत्या. सुझानाच्या गळ्यात हार, गालावर रक्त, आणि ती ज्याला त्याला नमस्कार करत उभी. माणसं चांगली होती हो. एक जरी वाईट माणूस त्या दिवशी त्या वखारीत असता, आमच्या पेटीला शिवायला किळस करणारा, तर बरं झालं असतं.

बाया हलल्या तसं सहदेवने पेटीत भरायच्या निमित्ताने हार्प आपल्या खोलीत नेऊन पोत्यांखाली लपवलं, तोवर हमाल दारात आलेले. पेटी उघडायला एक क्षण मिळाला नाही. मी सतरंजी ओढून फेकली आणि भोकांशी तोंड नेऊन हळूच लिनो म्हटलं. उत्तर आलं नाही. सुझाना म्हणाली, त्याला हलू नको म्हटलंय ना मी. स्टेशनावर डॉक्टर साहेब आम्हाला पोचवायला आपणहून आला. शिपायाने पेटीच्या कडीला हात घातला तर त्याला थांबवलं. नाजूक तारा आहेत, म्हणाला, हवा लागू देऊ नका.

घरी वहिनीने अंथरूण घातलं होतं, पेज करून ठेवली होती. अल्फान्सोने कडी काढली. लिनो कुशीवर होता, तोंड झाकणाकडे. ओठ निळे पडलेले. अल्फान्सोने त्याचा हात उचलला आणि बोटं दिव्याजवळ नेली. नखांत मेण होतं. फटींतलं, त्याने स्वतः भरलेलं. वहिनीने मुलाला मांडीवर घेतलं आणि पेज चमच्याने त्याच्या ओठाला लावत राहिली. आम्हाला तिला सोडवता येईना.

देवळात पुरायचं तर सरकारी दाखला हवा. अल्फान्सोने सांगितलं, मुलगा तापाने घरीच गेला. सकाळी ठाण्याचा डॉक्टर आला. त्याने लिनोच्या काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या. पायाची जखम बघितली, ती सुकत आली होती. जांघेत काही नव्हतं. अवधाण पार उतरलं होतं. डॉक्टरने हात धुतले आणि सांगितलं, प्लेग नाही, खुशाल पुरा. ज्या हाताच्या भीतीने आम्ही हे सगळं केलं, तो हात शेवटी त्याच्या अंगावरून फिरलाच, आणि त्याला काही सापडलं नाही. कल्याणच्या फलाटावर पोर आपल्या पायाने उभा राहिला असता तरी सापडलं नसतं.

आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. सहदेवचं नाव निघालं असतं. हार्प त्याने तुटक्या तारेसकट परत धाडलं, ते कोपऱ्यात उभं होतं. पावसाळा सरल्यावर एक दिवस दारात टांगा थांबला आणि गोदूबाई उतरल्या. सुझानासाठी लुगडं आणलं होतं. पुन्हा जलसा करायचा होता त्यांना. आमच्या ओसरीवर बसून, आमच्या पेल्यातलं पाणी त्या खुशाल प्यायल्या. घरात कुणी गेलंय हे कळल्यावर डोळ्यांना पदर लावला. मग वहिनीला बरं वाटावं म्हणून त्या दिवसाची आठवण काढून बसल्या.

"तुमच्या मुलीच्या हातात काय आहे, सांगू? पाळणा सुरू झाला आणि मी बसले होते ती पेटी थरथरायला लागली. हाताला कळावं इतकी. बाकीच्या दोघींनाही कळलं. वाद्य तिकडे आणि लाकूड इकडे धडधडतंय. म्हणून तर मी वन्स मोअर सांगून पाठवलं."

वहिनीला काही समजलं नाही. मी भिंतीला धरून उभी होते. सुझाना त्यांच्यासमोर खाली बसली होती. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "तिन्ही वेळा?"

गोदूबाईंनी आठवून बघितलं.

"नाही गं. दोनदाच. दुसऱ्यांदा तर अगदी थोडं. तिसऱ्यांदा काहीच नाही. मला इतकी चुटपुट लागली, म्हटलं पुन्हा एकदा सांगावं, तेवढ्यात तुझी तार तुटली."

सुझानाने मान हलवली. त्यांचा पेला रिकामा झाला होता, तो उचलून ती पाणी आणायला आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मग मीच पाणी नेऊन दिलं.